मिळालं की घेतलं?

व्हर्जिनियातल्या नॉरफोकला जगातला सर्वांत मोठा नौदल तळ आहे. तळाभोवतीच्या वस्तीत निवृत्त खलाशांना तोटा नाही, पण त्यांतले नाणेवाले चीफ लांबूनच ओळखू येतात. डोक्यावर जहाजाचं नाव विणलेली टोपी, चालण्यात अजून डेकवरचा डौल, आणि पँटचा उजवा खिसा जरा खाली ओघळलेला. त्या खिशात कायम चार-पाच नाणी असतात. त्यांतल्या एकावरही दुकानात साधा पाव मिळत नाही.

अमेरिकी नौदलात जवळपास प्रत्येक जहाजाचं आपलं ‘चॅलेंज कॉइन’ असतं. पितळेचं नाहीतर जस्ताच्या मिश्रधातूचं, साधारण पावणेदोन इंच व्यासाचं. एका बाजूला जहाजाचं बोधचिन्ह, दुसऱ्या बाजूला जहाजाची आकृती, मधे रंगीत मीनाकाम. बारमध्ये कुणी ते काउंटरवर आपटलं की बाकीच्यांनी आपापलं काढून दाखवायचं. ज्याच्याकडे नाही, त्यानं सगळ्यांना पाजायची. सगळ्यांकडे निघालं, तर आपटणाऱ्यानं. चुकून हातातून निसटून पडलं तरी ते आव्हानच धरतात. म्हणून पाकीट काढताना चीफ खिशाचं तोंड असं चिमटीत धरतात, की आत काहीतरी जिवंत असावं असं वाटतं.

या प्रथेचा उगम मात्र त्यांना विचारू नये. विचारलात की पहिलं महायुद्ध सुरू होतं. कुणी श्रीमंत अमेरिकी लेफ्टनंट आपल्या तुकडीसाठी काशाची पदकं पाडून घेतो. तुकडीतला एक वैमानिक जर्मनांच्या हाती लागतो, निसटतो, पुढे फ्रेंचांना घातपाती वाटतो, आणि गोळी घालायच्या ऐन वेळी गळ्यातल्या चामडी पिशवीतलं पदक पाहून तेच फ्रेंच त्याला वाइनची बाटली देतात. गोष्ट झकास आहे. फक्त त्या वैमानिकाचं नाव कुणाला माहीत नाही, आणि कागदोपत्री पुरावाही सापडलेला नाही. हे सांगितलं की चीफ आपल्याकडे कीव आल्यासारखं बघतात आणि वाइन तांबडी होती की पांढरी, ते सांगतात.

खरं दर्शन घरी. दिवाणखान्याच्या भिंतीवर अमेरिकी ध्वजाच्या आकाराची लाकडी फळी, तिच्या खाचांतून ओळीनं उभी नाणी. एकेक नाणं कडेनं धरून काढायचं, मीन्याला बोट लागू द्यायचं नाही, दिव्याखाली किंचित तिरकं करायचं. हे ‘झुमवाल्ट’चं: २०१६ साली दाखल झालेली विनाशिका, आणि तिच्या पहिल्या कप्तानाचं नाव खरोखरच जेम्स कर्क, ‘स्टार ट्रेक’मधल्यासारखं. हे ‘न्यू यॉर्क’चं: या जहाजाच्या नाळेत वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ढिगाऱ्यातलं साडेसात टन पोलाद ओतलेलं आहे. इथं चीफचा आवाज बसतो, आणि तो अभिनय नसतो.

‘सू सिटी’ची नाणी ते जोडीनं दाखवतात. एक सेवेत दाखल झाल्याचं, नोव्हेंबर २०१८. दुसरं सेवेतून काढल्याचं, ऑगस्ट २०२३. पंचवीस वर्षं चालावं म्हणून बांधलेलं जहाज पाच वर्षं पुरी व्हायच्या आत निवृत्त! “दोन्ही नाण्यांची चकाकी अजून गेली नाही,” एवढंच चीफ म्हणतात. यापेक्षा नेमकं लेखापरीक्षण वॉशिंग्टनमध्येही कुणी केलं नसेल.

आता एक प्रश्न जिभेवर येतो आणि तो गिळायचा असतो: ही मिळालेली की घेतलेली? रीत अशी, की हे नाणं विकत घ्यायचं नसतं. कप्तान खूश झाला की हस्तांदोलन करतो आणि आपल्या तळव्यातलं नाणं समोरच्याच्या तळव्यात सरकवतो. भाषण नाही, हार नाही. चीफची नोकरी गेली रसदवाहू जहाजाच्या कोठारात. फळीवर मात्र विमानवाहू जहाजांची अख्खी रांग. त्यांतल्या कैकांवर ‘उत्कृष्ट कामगिरीबद्दल कमांडिंग ऑफिसरकडून’ असं कोरलेलं आहे, आणि ती कामगिरी ज्यानं बजावली त्यानंच ते ई-बेवर दहा-बारा डॉलरला फुंकलेलं आहे. खोट्या पदकांच्या जोरावर फायदा उपटणं २०१३च्या कायद्यानं गुन्हा ठरतं. पण नाणं म्हणजे पदक नव्हे. शिवाय चीफ खोटं बोलतच नाहीत. “हे ‘आयझेनहॉवर’वरचं,” म्हणतात आणि कॉफीचा घोट घेतात. उरलेलं पाहुण्यानं समजून घ्यायचं. यातली बरीच नाणी चीनमधल्या कारखान्यांत पडतात, हा विषयही काढायचा नाही.

नाद मोठ्यांनाही सुटलेला नाही. बिल क्लिंटन यांच्या व्हाइट हाउसमधल्या अधिकृत चित्रात मागे नाण्यांच्या रांगा आहेत. २०१८च्या मे महिन्यात ट्रम्प-किम भेटीचं नाणं आधी झळकलं आणि त्याच आठवड्यात ट्रम्प यांनी भेटच रद्द केली. पुढे जूनमध्ये ती झाली म्हणा. चीफकडे तेही नाणं आहे, जहाजाचा काही संबंध नसताना.

भारतीय पाहुणा आला की मात्र ‘ट्रेंटन’ बाहेर निघतं. हे जहाज १७ जानेवारी २००७ रोजी याच नॉरफोकला अमेरिकी सेवेतून निवृत्त झालं आणि त्याच दिवशी भारताच्या ताब्यात आलं. आपलं ‘जलाश्व’ ते हेच. फळीवर त्याच्या शेजारची खाच रिकामी ठेवलेली आहे. पुण्याचा संगणक अभियंता असो की मडगावचा आचारी, त्याचा कुणीतरी भाऊबंद नौदलात असणारच, असं चीफ गृहीत धरून चालतात.

तेव्हा नॉरफोकला जाणार असाल, तर ‘जलाश्व’वर कुणी ओळखीचं आहे का, ते निघण्याआधी बघून ठेवा. नसेल, तर निदान बारमध्ये चीफच्या शेजारी बसू नका. किल्लीच्या रिंगेत अडकवलेलं नाणं आव्हानाला चालत नाही, आपला रुपया तर नाहीच, आणि बिल सगळ्या काउंटरचं येतं.