उमेला माफी, द्राक्षाला कैद

२००७ साली जपानच्या एनएचके वाहिनीला एका पाककृतीपायी प्रेक्षकांची माफी मागावी लागली. कुणाला विषबाधा वगैरे झाली नव्हती. १९५७ पासून चाललेल्या ‘क्यो नो र्‍योरी’ या स्वयंपाकाच्या कार्यक्रमात उमेशू, म्हणजे उमे या आंबट फळाची दारू, मिरिनमध्ये घालून दाखवली गेली. मिरिन ही तांदळाची गोडसर दारू, अल्कोहोल जेमतेम १४ टक्के. आणि कायदा सांगतो, घरी फळं बुडवायची तर २० टक्के किंवा त्याहून कडक दारूतच बुडवा. सौम्य घ्याल तर गुन्हेगार!

जून लागला की जपानी दुकानांत हिरव्या उमेच्या थैल्या, खडीसाखर, लाल झाकणाच्या बरण्या आणि ३५ टक्क्यांची ‘व्हाइट लिकर’ शेजारी शेजारी मांडून ठेवतात. किलोभर उमे धुऊन कोरडी पुसायची. मग बांबूची काडी घेऊन एकेका फळाच्या देठाचा काळा ठिपका टोकरून काढायचा. घरातल्या पुरुषांना हे काम देतात की नाही ठाऊक नाही, पण द्यायला हरकत नाही. पिण्याआधी थोडे कष्ट केलेले बरे. एक थर फळांचा, एक खडीसाखरेचा, वरून १.८ लिटर दारू. खडीसाखर सावकाश विरघळते आणि फळातला रस बाहेर खेचते. बरणीवर तारीख चिकटवायची आणि वर्षभर तिकडे बघायचं नाही. हा शेवटचा भाग आपल्याला जमणारा नाही.

१९६२ पर्यंत ही घरगुती उमेशूदेखील बेकायदाच होती. मग सरकार विरघळलं, पण खडीसाखरेइतकंच सावकाश. फळ चालेल, पण द्राक्ष नाही. तांदूळ नाही. विकायची तर मुळीच नाही. कारण साधं आहे. दुकानातल्या बाटलीवरचा कर आधीच वसूल झालेला असतो, तिच्यात तुम्ही फळ टाका नाहीतर चप्पल टाका. पण दारू सौम्य असली किंवा द्राक्षं पडली, की यीस्टला कंठ फुटतो आणि बरणीत नवं, बिनकराचं अल्कोहोल तयार होतं. नशा चढली तर चढू दे, ती फुकटात चढता कामा नये. विनापरवाना दारू गाळली तर दहा वर्षांपर्यंत कैद किंवा दहा लाख येनपर्यंत दंड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जपान सरकारच्या तिजोरीत दारूवरच्या कराची मोठी भर पडत होती, आणि त्याच सुमारास, १८९९ मध्ये, घरगुती दारूवर बंदी आली. योगायोगच म्हणायचा.

तोशिहिको माएदा नावाच्या गृहस्थांना हा योगायोग पटला नाही. नारिता विमानतळाला विरोध करणाऱ्यांतले ते. त्यांनी घरी तांदळाची दोबुरोकू आंबवली आणि चाखायला या म्हणून थेट राष्ट्रीय कर खात्याच्या प्रमुखांना निमंत्रण धाडलं. उत्तरादाखल खटला आला. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन लाख येनांचा दंड कायम केला. चव कशी होती, याबद्दल सरकारपक्षाला काही म्हणायचं नव्हतं.

हसू नका. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि त्याच्याच कृपेने दारू प्यायचा परवाना मिळतो, तोही आरोग्याच्या जतनासाठी. एका दिवसाचं आरोग्य पाच रुपयांत! जपानी माणूस महसूल राखायला कडक घेतो, महाराष्ट्रीय माणूस प्रकृती राखायला कुठलीही घेतो.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांचा मुलगा टोकियोत निशी-कासाईला असतो. त्याने आणलेली घरची उमेशू परवा गच्चीवर चाखली गेली. एकाला जर्दाळू लागला. दुसऱ्याला बदामाचा वास आला (तो खरा असतो, कोयीतून उतरतो), म्हणून त्याने डोळे मिटून तीन वेळा घेतला. तिसरा ‘फिनिश’ लांब आहे म्हणाला. त्याचा ग्लास मात्र सगळ्यांत आधी संपला. काकूंनी एक घोट घेऊन, ‘कोकम जास्त दिवस राहिलं की असंच लागतं,’ एवढंच सांगितलं आणि त्या भजी तळायला खाली गेल्या.

आता काकांनी रायवळ कैऱ्या आणि व्होडका आणली आहे. बाटलीवर ४२.८ टक्के छापलंय, म्हणजे जपान खूश. ‘पण काका, परमिट?’ असं कुणीतरी विचारलं.

‘बरणीला कशाला परमिट?’ काका म्हणाले. ‘तिची तब्येत उत्तम आहे.’