स्टुटगार्टचा चौथा मजला

मुलगी स्टुटगार्टला आहे असं कळलं की पुण्यातले अनुभवी लोक न विचारता यादी देतात. मर्सिडीजचं म्युझियम बघा, पोर्शचं बघा, टेकडीवरच्या टीव्ही टॉवरवर चढा (१९५६चा आहे, काँक्रीटचा म्हणून जगातला पहिला), आणि १८८४ पासून दातेरी रुळावरून डोंगर चढणारी ती गाडी चुकवू नका. आम्ही काहीच चुकवलं नाही. मुख्य रेल्वे स्टेशनचं २०१० साली सुरू झालेलं आणि अजून आटपत नसलेलं बांधकामसुद्धा पाहिलं. आपल्या मेट्रोसाठी खणलेल्या रस्त्यांतून वर्षानुवर्षं वाट काढलेल्या माणसाला ते पाहून परक्या मुलखात फार धीर येतो. पण त्या शहरातला सगळ्यात खडतर प्रवास कुणाच्याच यादीत नाही. तो आहे मुलीच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावरून चौथ्या मजल्यापर्यंतचा.

इमारत स्टुटगार्ट-वेस्टमधली, जुनी, दगडी तोंडाची, लिफ्ट नसलेली. जिना लाकडी. त्याची एकेक पायरी अशी कुरकुरते की कोण, कुठवर आणि किती वजनाचं आलंय ते चौथ्या मजल्यावर घरबसल्या कळावं. कळतंही. कारण चौथ्या मजल्यावर फौजदार राहतात. हे नाव बायकोने ठेवलेलं. खरे ते निवृत्त इंजिनियर, आयुष्य गिअरबॉक्समध्ये गेलेलं.

त्यांची पहिली भेट कुकरच्या तिसऱ्या शिटीला झाली. वरण अजून मऊ व्हायचं होतं, पण फौजदार दारात उभे होते. इमारतीत वाफेचं काय चाललंय अशी त्यांची चौकशी होती. दुसऱ्या भेटीचं निमित्त मिरचीची फोडणी. त्या राज्यात झोपायच्या खोल्यांत आणि बाहेर पडायच्या वाटेवर धुराची घंटा लावणं कायद्याने सक्तीचं आहे, जुन्या घरांनासुद्धा २०१४ अखेरपर्यंत ती लावावी लागली. मुलीचं स्वयंपाकघर नेमकं त्याच वाटेवर उघडतं. मोहरी तडतडली, मिरच्या पडल्या आणि छतावरून अशी किंकाळी आली की माझ्या हातातला चहा सांडला. बायको एका हाताने कढई झाकतेय, दुसऱ्या हाताने टॉवेल फिरवतेय, आणि दारात फौजदार. त्यांनी घड्याळ पाहिलं. एक वाजून गेला होता. दुपारी एक ते तीन इमारतीत शांतता पाळायची असते. पुण्याच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही, उलट एक तास कमीच पडतो.

मग केरवोखे. जिना झाडण्यापुसण्याची पाळी ज्याची असेल त्याच्या दाराला आठवडाभर पाटी लटकते. हा गावचा जुना नियम. मानफ्रेड रोमेल महापौर असताना, १९८८ साली, शहराने तो आपल्या कायद्यातून काढला, पण घरमालकांच्या करारात तो राहिला तो राहिलाच. पाटी आमच्या दाराला आली तेव्हा बायकोने पदर खोचला आणि जिना असा पुसला की लाकडात तोंड दिसावं. फौजदार सावकाश उतरले, कठड्याच्या खालच्या बाजूने बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं आणि निघून गेले.

"माझ्या सासूबाईंनीसुद्धा कधी बोट फिरवलं नाही," बायको म्हणाली. हे विधान माझ्या माहितीशी जुळत नव्हतं, पण मी काही बोललो नाही.

मी मात्र रोज जिन्यात त्यांना 'ग्र्युस गॉट' म्हणत असे. उत्तर नाकातून यायचं. "रागावलं नाही म्हणजेच पुरेसं कौतुक झालं, अशी म्हणच आहे इकडच्या श्वाबेन लोकांची," जावयाने समजूत घातली. त्या हिशोबाने आमचं कौतुक अजून सुरू व्हायचं होतं.

अशा माणसाचं पार्सल आपल्या घरात यावं हे पत्रिकेतच असावं लागतं. तिथे पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. घराचा नंबर, आणि खाली बेलच्या पाटीवर आडनावं, बस. कुरियरवाला ज्याचं पार्सल त्याची बेल दाबतो, उत्तर नाही आलं की खालून वर सगळ्यांच्या दाबत सुटतो. जो उघडेल तो शेजारी. त्याच्याकडे माल द्यायचा आणि मालकाच्या टपालपेटीत 'अमक्याकडे ठेवलंय' अशी चिठ्ठी टाकायची, अशी रीत. दिवसा घरात कोण असतं? कुणीच नाही. सगळे कामावर, फौजदार डोंगरात काठ्या घेऊन चालायला. घरात फक्त आम्ही दोघं, आणि दारावर कुणी आलं की आनंद होणारं आमचं वय.

एका सकाळी बेल वाजली. मी बटण दाबलं. कुरियरवाला धापा टाकत वर आला आणि त्याने दोन टायर दारात टेकवले. खोकं नाही, कापड नाही. दोन कोरे टायर प्लास्टिकच्या पट्टीने एकमेकांना बांधलेले, रबरावरच पत्त्याचा कागद, शेजारी वजनाचं लेबल. दहा किलोंच्या वरच्या पार्सलवर तिथे आता तशी खूण लागते. त्याने यंत्र पुढे केलं, मी बोटाने सही केली. देवनागरीत केली, पण ते ठीक आहे, बोटाने केलेली सही कुठल्याही भाषेत गांडुळासारखीच दिसते. तो गेल्यावर चष्मा लावून नाव वाचलं. फौजदार!

"ठेवून घेतलंत?" बायको म्हणाली. "आता येतील ते. चहा टाकू का नको?"

ते आले नाहीत. चिठ्ठी तिसऱ्या मजल्याच्या पेटीत पडली होती, आणि तिसऱ्या मजल्यावरची पोरं सुट्टीवर पोर्तुगालला. हे पुढे कळलं. तोवर दुसऱ्या दिवशी आणखी दोन टायर आले. आता मुलीच्या दिवाणखान्यात अख्खी गाडी होती, फक्त गाडी नव्हती. जेवणाच्या टेबलाखाली दोन, पुस्तकांच्या कपाटाला टेकून दोन. नव्या रबराचा वास आमटीच्या वासाला भारी पडला.

हे हिवाळी टायर. तिकडे ऑक्टोबर ते ईस्टर गाडीला वेगळे टायर घालतात. २०१० पासून कायदाच आहे, बर्फ असेल तर साध्या टायरवर गाडी काढायची नाही. खरा हिवाळी टायर ओळखायचा तो बाजूवर उठवलेल्या खुणेवरून: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी. ही खूण मी बायकोला दाखवली आणि तिथेच पुढचा घोटाळा झाला. कारण दुसऱ्या दिवशी दसरा होता.

मी आंघोळ करून आलो तर चारही टायरांना हळदकुंकू लागलेलं. कुंडीतल्या झेंडूचं एकेक फूल वर. आपट्याची पानं स्टुटगार्टमध्ये मिळत नाहीत, नाहीतर तीही वाहिली असती.

"अगं, लोकांच्या टायरची पूजा करतात का?"

"अहो, दसऱ्याच्या दिवशी घरात चाकं आहेत आणि कोरडी ठेवू? त्यात डोंगर आहे त्यांच्यावर. बर्फाचा. म्हणजे कैलासच की." कुंकू बरोबर डोंगराच्या माथ्यावर लावलेलं होतं, हे कबूल करायला हवं. चारही ठिकाणी, एका रेषेत.

त्या संध्याकाळी जिन्यात केरवोखेच्या पाटीशेजारी नवा कागद आला. टाइप केलेला, प्लास्टिकमध्ये घातलेला. जावयाने भाषांतर केलं: मंगळवारी ११ वाजून ४२ मिनिटांनी माझं पार्सल 'शेजारी' नावाच्या व्यक्तीकडे सोपवण्यात आलं आहे. बुधवारी पुन्हा. मला कोणीही कळवलेलं नाही. या इमारतीत शेजारी कोण आहे ते कृपया समजावं.

प्रश्न रास्त होता. पण वर जायचं कधी? सकाळी आठच्या आत नाही, एक ते तीन नाही, सहाला ते थंड जेवण जेवतात तेव्हा नाही, आठनंतर तर नाहीच, आणि रविवार संपूर्ण वर्ज्य. आमच्या पंचांगात राहुकाळ दिवसातून एकदाच असतो. शेवटी शुक्रवारी सकाळी अकराचा मुहूर्त निघाला. मुलगी-जावई ऑफिसात. मोहीम आम्हा दोघांचीच.

जोडी जड होती. पट्टी कापून एकेक नेला असता, पण पट्टी कापणं म्हणजे दुसऱ्याचं पार्सल उघडणं होतं की नाही, यावर आमचं एकमत होईना. टपालाची गुप्तता हा जर्मन राज्यघटनेतला मूलभूत हक्क आहे, दहावं कलम, असं जावई एकदा बोलून गेला होता. मग बायकोने केरवोखेचा झाडू आणला, टायरांच्या भोकातून दांडा आरपार घातला, आणि दांड्याची टोकं आमच्या खांद्यांवर. ती पुढे, मी मागे. जिना चढताना एक गोष्ट लक्षात आली: पुढचा माणूस वर असतो, त्यामुळे टायर दांड्यावरून घरंगळत मागच्याकडे येतात.

दुसऱ्या मजल्यावर एक आजी दार किलकिलं करून बघत होत्या. झाडू, टायर, साडी आणि मी, हे सगळं त्यांनी एकदा नीट पाहून घेतलं आणि दार लावलं. लावताना साखळीही लावली. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर एक खिडकी आहे. त्यातून टेकडीवरचा टीव्ही टॉवर दिसतो, आणि तिकीट काढून पाहिला होता त्यापेक्षा चांगला दिसतो. इथे आम्ही दम खाल्ला. बायको म्हणाली, "दरवाजा तुम्ही वाजवायचा." मी म्हटलं, "पार्सल तू पुजलंयस." शेवटी दोघांनी एकदमच बेल दाबली.

फौजदारांनी दार उघडलं. ते टायरकडे बघत होते. मग झाडूकडे. मग त्यांनी वरच्या खिशातला चष्मा काढून लावला आणि वाकून कुंकू पाहिलं.

"हे लाल काय आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. त्यांचं इंग्रजी माझ्या जर्मनइतकं होतं, त्यामुळे आमचं छान जुळलं.

"सण," मी म्हणालो. "यंत्रांचा सण. नशीब चांगलं. अपघात नाही."

ते बराच वेळ गप्प होते. गिअरबॉक्समध्ये जन्म घालवलेल्या माणसाला यंत्राचा सण ही कल्पना पटत होती की पोलिसांना बोलवावं असं वाटत होतं, चेहऱ्यावरून कळेना.

"पाण्याने निघतं?"

"निघतं."

"पिवळं?"

"पिवळ्याला साबण लागतो."

त्यांनी मान हलवली. मग आत गेले, बूट घातले, कुलपात किल्ली दोनदा फिरवली आणि म्हणाले, "टायर तळघरात ठेवतात."

म्हणजे चौथ्या मजल्यावरून पुन्हा खाली. उतरताना बायको मागे राहिली आणि टायर घरंगळत पुन्हा माझ्याकडेच आले, ते भूमितीचं कुठलं प्रमेय ते मला आजही सुटलेलं नाही. फौजदार पुढे चालत होते. वळणावळणावर थांबून भिंतीचा रंग घासला जात नाही ना एवढं पाहत होते. पहिल्या मजल्यावरून दुसरी जोडी त्यांनी स्वतः उचलली. एकट्याने, एका हाताने. माणूस सत्तरीच्या पुढचा.

तळघरात प्रत्येकाची एकेक फळ्यांची खोली. त्यांच्या खोलीत जॅमच्या बाटल्या सालवार लावलेल्या, स्कीच्या काठ्या, आणि भिंतीवर चार खुंट्या, प्रत्येकीखाली खडूने लिहिलेलं: पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं. त्यांनी पट्ट्या कापल्या, एकेक टायर टांगला आणि कुंकवाची बाजू भिंतीकडे केली. मग आमच्याकडे वळून आभार मानतील असं वाटलं. ते म्हणाले, "झाडू इमारतीचा आहे. जागेवर ठेवा."

या मोहिमेची बातमी कुणी पोचवली ठाऊक नाही, पण पहिल्या मजल्यावर दिवसभर माणसं असतात हे कुरियरवाल्यांना कळलं. त्यानंतर ते बाकीच्या बेल दाबायचं सोडून देत थेट आमचीच दाबू लागले. मांजराच्या मातीची पोती दुसऱ्या मजल्याची, बुटांची खोकी तिसऱ्याची. आलेले बूट ती पोरं आठवड्याने परत पाठवत, तेही आमच्याकडूनच. संध्याकाळी एकेकजण चिठ्ठी घेऊन येई. साखळीवाल्या आजी तर हातात बिस्किटं घेऊन येत, आणि बायकोशी श्वाबियन बोलत. बायको मराठीत उत्तर देई. दोघींच्या गप्पा अर्धा अर्धा तास चालत.

फौजदार दहा वाजून पाच मिनिटांनी येत. चिठ्ठी दाखवत, ओळखपत्र दाखवत, स्वतःचं पूर्ण नाव सांगत. खोक्याच्या आठही कोपऱ्यांवरून बोट फिरवत. एकदा एक खोकं आम्ही हीटरजवळ ठेवलेलं दिसलं तर त्याबद्दल बोलून गेले. 'ग्र्युस गॉट'ला उत्तर नाकातूनच.

आमचा व्हिसा नव्वद दिवसांचा, त्याहून एक दिवस जास्त राहू देत नाहीत. बॅगा वजनकाट्यावर चढउतार करत होत्या त्या संध्याकाळी बेल वाजली. दारात फौजदार, हातात चिठ्ठी नाही. मी जावयाला हाक मारली.

"हे विचारतायत, येत्या गुरुवारी तुम्ही घरी आहात ना? त्यांची खुर्ची यायची आहे."

"त्यांना सांग, आम्ही बुधवारी निघालो."

हे ऐकून त्यांचा चेहरा प्रथमच हलला. त्यांनी आमच्या बॅगांकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग पुन्हा बॅगांकडे. आणि एक लांबलचक वाक्य बोलले, आमच्या मुक्कामातलं सर्वांत लांब. आम्ही दोघं भारावलो. निरोपाचं काहीतरी असणार.

"काय म्हणाले?"

"तुमच्या जागी दुसरं कुणी येणार आहे का, म्हणून विचारतायत."

जावयाने सांगितलं की जानेवारीत त्याचे आईवडील येतायत, नागपूरहून. फौजदारांनी खिशातून छोटी वही काढली, पेन्सिल काढली, तारीख विचारून लिहून घेतली. खाली एक रेघ मारली. मग मान वर करून त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला.

"दुपारचे झोपतात का?"

जावयाच्या डोळ्यांपुढून वडिलांची नागपुरी दुपार सरकून गेली असावी, पंखा, घोरणं आणि सगळं. तो म्हणाला, "छे, अजिबात नाही."

फौजदारांनी तेही लिहून घेतलं.