लखोट्यातला लखोटा

मतदानयंत्र खांद्यावर घेऊन, गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीकडच्या ज्या गावांपर्यंत पोचण्याचा नाद रस्त्यानेही सोडून दिला आहे, तेथे जाण्यास जे विनातक्रार सिद्ध होतात, त्या आमच्या जिल्हा परिषदेच्या गुरुजींना स्वतःचे मत मात्र लखोट्यात बंद करून द्यावे लागते. याला कोणी सरकारी गलथानपणा म्हणू नये; 1961 च्या निवडणूक नियमांत त्याची रीतसर तजवीज आहे.

चिमूर आणि ब्रह्मपुरी हे तालुके चंद्रपूर जिल्ह्याचे, परंतु लोकसभेपुरते गडचिरोलीच्या पदरात टाकलेले. त्यामुळे वरोऱ्याच्या गुरुजींची नेमणूक शेजारच्या चिमुरात झाली, की जिल्हा न ओलांडताच त्यांनी मतदारसंघ ओलांडलेला असतो. स्वतःच्याच मतदारसंघात काम लागलेला सहकारी निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र दाखवून बटण दाबतो. गुरुजींच्या नशिबी टपाली मतपत्रिकेसाठी नमुना 12 चा अर्ज.

पूर्वी ही मतपत्रिका घरी येई आणि मतमोजणीच्या सकाळपर्यंत घरीच मुक्काम करू शके. त्या अवधीत गुरुजींच्या प्रकृतीची चौकशी करण्यास उमेदवारांची माणसे किती आस्थेने येत असतील, याची कल्पना निवडणूक आयोगास यथावकाश आली आणि सुविधा केंद्रातच मत नोंदवण्याचे फर्मान निघाले. तेथे मतपत्रिका धाकट्या लखोट्यात, धाकटा लखोटा थोरल्यात, आणि सोबत 13-ए नमुन्यातील प्रतिज्ञापत्र, ज्यावरील सही राजपत्रित अधिकाऱ्याने किंवा गुरुजींच्या केंद्राध्यक्षाने साक्षांकित केलेली हवी. प्रतिज्ञापत्र राहिले, सही राहिली वा अनुक्रमांक जुळला नाही, तर धाकटा लखोटा न उघडताच मत बाद.

आता गुरुजी स्वतःच केंद्राध्यक्ष असले म्हणजे पाहा. अरण्यातील एका खोलीत, 19 एप्रिल 2024 रोजी जसे नक्षलग्रस्त भागात झाले तसे दुपारी 3 वाजता मतदान आटोपून, झालेल्या एकूण मतांचा 17-सी हा हिशेब ज्यांच्या सहीने प्रमाण मानला जातो, आणि हाताखालच्या कर्मचाऱ्यांच्या प्रतिज्ञापत्रांवर ज्यांची साक्ष चालते, त्यांना स्वतःची सही स्वतःचीच आहे हे सांगण्याचा अधिकार नाही. याउलट आमच्याच राजुऱ्यात 2024 च्या विधानसभेपूर्वी मतदार होण्यासाठी सहा हजारांहून अधिक बनावट अर्ज ऑनलाइन दाखल झाले. ते पकडले गेले, पोलिसांत गुन्हाही नोंदला गेला. परंतु एवढे अर्ज धाडताना कोणास राजपत्रित अधिकारी शोधत हिंडावे लागल्याचे ऐकिवात नाही.

इतक्या बंदोबस्तात ठेवलेल्या त्या मताला किंमत काय, असे पुसणाऱ्यांनी मुंबईकडे पाहावे. लोकसभेच्या वायव्य मुंबई मतदारसंघात 4 जून 2024 रोजी यंत्रांतील मतांत उमेदवार अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मते मिळवताच प्रतिस्पर्धी रवींद्र वायकर 48 मतांनी विजयी झाले. लाखो लोकांनी उन्हात उभे राहून जो प्रश्न जवळजवळ बरोबरीत सोडवला होता, तो लखोट्यांनी निकालात काढला.

बरे, या व्यवहाराला 'टपाली' म्हणावे, तर त्यात टपाल खाते बव्हंशी नसतेच. पंच्याऐंशी वर्षांपुढील आणि चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांचे घरून मतदानासाठीचे 12-डी अर्ज आले, की कर्मचारी, पोलीस आणि व्हिडिओग्राफर असा लवाजमाच त्यांच्या दारी जातो. 2024 मध्ये अहेरीहून असाच एक लवाजमा दोन वृद्धांच्या मतांसाठी 107 किलोमीटरवरील सिरोंचा भागात गेला, आणि हे मात्र खरोखर मानाचा मुजरा करावा असे काम झाले. पोस्टमनाने तेवढे अंतर आजवर किती वेळा काटले, त्याचे चित्रण कोणी केले नाही, इतकेच.

या थोर परंपरेस अनुसरून आमची सरकारदरबारी एक नम्र सूचना आहे: मतदानाच्या दिवशी स्वतःच्या मतदान केंद्रापर्यंत चालत जाण्यास गुरुजी सर्वस्वी असमर्थ असतात, ही गोष्ट निर्विवाद असल्याने, त्यांना त्या एका दिवसापुरते चाळीस टक्के दिव्यांग ठरवून त्यांच्याही दारी तो लवाजमा पाठवावा. प्रमाणपत्र जिल्हा शल्यचिकित्सकांनी द्यावे. ते राजपत्रित असल्याने त्यांच्या सहीची अडचण पडणार नाही. अडचण पडलीच तर एवढीच, की लवाजम्यात पाठवण्यास पुन्हा गुरुजीच लागतील, आणि त्या दिवशी ते घरी नसतील.