काका नुसते उभे राहिले!

– अगं, ऐकलंस का? कोपऱ्यावरच्या काकांच्या फाटकासमोर काल पुन्हा कुणीतरी गाडी लावून गेलं.

– मग? काकांनी चाकातली हवा सोडली असेल!

– तेच तर! मी गॅस बंद करून बघायला आले. काका बाहेर आले, कान लाल झालेले मला इथून दिसले. आणि मिनिटभर नुसते उभे! मग वायपरखाली चिठ्ठी ठेवली नि आत गेले. चिठ्ठीत 'कृपया' होतं. मी जाऊन वाचून आले.

– तब्येत बरी आहे ना त्यांची?

– विपश्यनेला जाऊन आलेत गं. मरकळला, आळंदीच्या पुढे. दहा दिवस.

– काका? नि दहा दिवस गप्प?

– दहाव्या दिवशी मौन सुटतं म्हणे. पहाटे चारला घंटा, मोबाइल जमा, वही-पेनसुद्धा नाही. संध्याकाळी जेवण नाही, नवीन लोकांना फळं-चुरमुरे नि चहा. फी नाही, शेवटी इच्छेनुसार दान. हे ऐकून काका तयार झाले, असं काकूंचं मत!

– आणि तिथं करायचं काय?

– पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा. चौथ्या दिवसापासून सगळं अंग. मग रोज तीनदा तासभर हलायचं नाही. नाकाला खाज सुटली तरी खाजवायचं नाही, बघत राहायचं. ती आपली आपण जाते. काका म्हणतात, रागही तसाच. आधी कान तापतात, छाती धडधडते. शब्द मागून येतात. तेवढ्यात ध्यानात आलं, तर पुढं काय बोलायचं ते आपण ठरवायचं.

– म्हणजे राग गिळायचा. ते सासरी इतकी वर्षं करतेच आहे मी!

– गिळलेला राग रात्री भांड्यांवर निघतो, मला इथवर ऐकू येतो! काकांनी सांगायचं ते सांगितलंच की. फक्त गाडीवाल्याच्या खानदानाचा उद्धार केला नाही.

– गोएंका गुरुजींचं शिबिर ना ते? इगतपुरीच्या?

– हो. गुरुजींचा ब्रह्मदेशात मंडालेत जन्म, व्यापारी घराणं. अर्धशिशीनं बेजार, देशोदेशीचे डॉक्टर झाले. शेवटी रंगूनला ऊ बा खिन यांच्याकडे शिकले. ते सरकारी हिशेबखात्यातले बडे अधिकारी, बरं का! आकडेमोड करणारा माणूस ध्यान शिकवतो, हे मला फार आवडलं. 1969 साली गोएंका भारतात आले, इगतपुरीचं केंद्र 1976 चं.

– आमच्या नणंदेला पाठवू का? तिला नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत.

– तिला असं परस्पर पाठवू नकोस. गंभीर मानसिक आजार असेल तर जाऊ नये, असं तेच लोक सांगतात. आधी डॉक्टरांना विचार. आणि तुझी भांडी वाजायची थांबवायची असतील, तर स्वारगेटला नेहरू स्टेडियमसमोर, दादावाडीतही त्यांचं केंद्र आहे. तिथं चौकशी कर. नाव मात्र आधी नोंदवावं लागतं.