गणू गारठतो तेव्हा

सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता गाडी चालवणाऱ्या माणसाला 'एएमटी का घेतलीत?' असं विचारू नये. त्याच्या डाव्या गुडघ्याला विचारावं. माझ्या गुडघ्याने फार पूर्वीच राजीनामा दिला होता, मी तो स्वीकारत नव्हतो एवढंच. शेवटी दोन पेडलांची डिझेल गाडी दारात आली आणि गुडघा सन्मानाने निवृत्त झाला.

एएमटी म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन. नाव भारदस्त आहे, पण आत गिअरबॉक्स नेहमीचाच आणि क्लचही नेहमीचाच. क्लच दाबायला आणि गिअर टाकायला तेवढे आपल्या हातापायांच्या जागी एक पंप, काही व्हॉल्व्ह आणि एक चिमुकला संगणक नेमलेला असतो. खरी ऑटोमॅटिक गाडी महाग पडते, ही त्या मानाने स्वस्तातली सोय. आपल्याकडे 2014 साली ती मारुतीच्या सेलेरिओबरोबर आली, त्याच वर्षी टाटांच्या झेस्टमधून डिझेलवाल्यांनाही मिळाली, आणि 'थोडे पैसे जास्त, पण पाय मोकळा' हा हिशेब मध्यमवर्गाला लगेच पटला.

बायकोला पंप आणि व्हॉल्व्ह समजावून सांगत होतो, तर ती म्हणाली, "म्हणजे बॉनेटखाली कुणीतरी बसलाय आणि तो तुमच्या वाटचा क्लच दाबतो, असंच ना?" असंच. त्याचं नाव गणू तिनेच ठेवलं. आमच्या गाडीत ड्रायव्हरचं दार उघडलं की सेल्फ मारायच्या आधीच बॉनेटखालून 'घूंऽऽ' असा आवाज येतो. क्लच हलवायला तेलाचा दाब लागतो, तो पंप आधीच भरून ठेवतो. बायको म्हणाली, "बघा, तुम्ही दिसलात की गणू उठून उभा राहतो. घरात दुसरं कुणी राहत नाही."

पुण्यात गणू सुखी होता. एका गिअरमधून दुसऱ्यात जाताना क्षणभर थांबून विचार करायचा. पण पुण्यात चौकात थांबून विचार न करणाऱ्यांचाच त्रास जास्त असल्यामुळे ते खटकलं नाही. पुढे मेव्हण्याच्या डोक्यात हिमबिबट्या शिरला.

हिमबिबट्या बघायला लोक ऐन हिवाळ्यात स्पितीतल्या किब्बरला जातात. भक्ष्य खाली उतरतं, त्याच्यामागून तोही उतरतो, आणि दोघांच्या मागे पुण्याहून लेन्स घेतलेले लोक वर चढतात. सासूबाईंना बिबट्याशी कर्तव्य नव्हतं, त्यांना 996 साली बांधलेला ताबोचा मठ बघायचा होता. "हजार वर्षं टिकलंय म्हणजे बांधकाम बघण्यासारखं असणार," म्हणाल्या. त्यांचं स्वतःचं घर पुनर्विकासाला गेलं होतं.

मनालीकडचा रस्ता हिवाळ्यात नसतोच. वाटेतली 4,551 मीटरवरची कुंझुम खिंड बर्फाखाली जाते. म्हणून शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, खाबला स्पिती आणि सतलजचा संगम, मग नाको, ताबो, काझा असा वळसा. जसजसे वर चढलो तसतसा गणूचा स्वभाव बदलू लागला. गिअरबॉक्समधलं तेल थंडीने जाड होतं, पंपातलंही होतं. पुण्यात एका क्षणात घेतलेला निर्णय नाकोच्या चढावर तो सावकाश घ्यायचा आणि मग एकदम अमलात आणायचा. त्या मधल्या क्षणी इंजिनाची ओढ सुटते, गाडीतली सगळी डोकी एकदम पुढे झुकतात आणि गिअर पडला की मागे येतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, या कुटुंबात कुणी काहीही म्हटलं तरी सगळे मान डोलावतात. मी सहज म्हणालो, "चहाला थांबण्यात अर्थ नाही, पुढे जाऊ." नेमका दुसऱ्याचा तिसरा पडला आणि सासूबाईंची मान जोरात होकारार्थी हलली. लग्नानंतर प्रथमच. त्यांनी तो होकार लगेच तोंडी मागे घेतला आणि आम्ही चहाला थांबलो.

इथे डिझेलच्या बाजूनेही दोन शब्द बोलायला हवेत, कारण सगळा दोष गणूवर टाकणं अन्यायाचं होईल. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते. रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनात ठिणगी नाही. हवा इतकी दाबायची, की ती नुसत्या दाबाने तापून तिच्यात फवारलेलं डिझेल पेटलं पाहिजे. आता हवाच उणे वीसची, सिलिंडरचं लोखंडही उणे वीसचं. त्यात काझा सुमारे 3,650 मीटरवर, म्हणजे तिथल्या हवेचा दाब आपल्या कोकणातल्या दाबाच्या दोन तृतीयांशसुद्धा नाही. एवढ्याशा गार हवेतून उष्णता काढायची. म्हणून मदतीला हीटर प्लग असतात. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर पिवळ्या कॉईलचा दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांबायचं आणि मग सेल्फ मारायचा. पुण्यात तो दिवा लागला न लागला कळत नाही. काझात तो लागतो आणि आपण सहकुटुंब त्याच्याकडे बघत बसतो.

शिवाय डिझेलमध्ये मेण असतं, ते थंडीत सुटून गोठतं. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलला दोन ऋतू आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिवाळा आणि उरलेले आठ महिने उन्हाळा. पावसाळा मानकाला मान्य नाही. उन्हाळी डिझेल निदान 15 अंशांपर्यंत आणि हिवाळी 3 अंशांपर्यंत वाहतं राहावं, एवढीच अपेक्षा. त्याच्या खाली त्याने काय करावं हे त्याच्या मर्जीवर. स्पितीची गरज 3 अंशांवर भागत नाही. म्हणून 2019 च्या नोव्हेंबरात इंडियन ऑईलने उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं खास हिवाळी डिझेल काढलं. ते पहिल्यांदा तयार झालं पानिपतच्या रिफायनरीत. उत्तरेतल्या जानेवारीच्या थंडीत मराठ्यांचे हाल होण्याचा इतिहास 1761 पासूनचा आहे. त्यावरचा उतारा अडीचशे वर्षांनी का होईना, पानिपतातूनच निघावा हे योग्य झालं.

काझात होमस्टेचे मालक अंकलजी संध्याकाळी गाडीभोवती एक फेरी मारून गेले आणि त्यांनी तीन आज्ञा केल्या. हँडब्रेक ओढायचा नाही, कारण मागच्या ड्रममध्ये ओल असली तर ब्रेकशू रातोरात चिकटतात आणि सकाळी चाक फिरत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवायची. आणि चाकाला दगड लावायचा. एएमटीला खऱ्या ऑटोमॅटिकसारखं पार्किंगचं 'पी' नसतं, तेव्हा गिअरमध्ये ठेवणं आलंच. मी गाडी बंद केली, गणू पहिल्या गिअरचा दांडा धरून झोपला. मग अंकलजींनी स्वतःच्या पिकअपचं बॉनेट उघडलं, पान्याने दोन नट सैल केले, बॅटरी उचलली आणि तान्ह्या बाळासारखी पोटाशी धरून घरात गेले. आमच्या बॅटरीवरची झाकणं आणि सेन्सर पाहून मात्र त्यांनी हात जोडले.

सकाळी दार उघडलं. रोजचा 'घूंऽऽ' आला नाही. त्याऐवजी 'घू... ऊ... ऊ...' असा, आजोबांनी खुर्चीतून उठताना काढावा तसा आवाज निघाला आणि अर्ध्यावर थांबला. डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले. अशा थंडीत बॅटरीचा जोर निम्म्यावर येतो आणि नेमकं तेव्हाच जाड झालेल्या ऑईलमुळे इंजिन फिरवायला दुप्पट जोर लागतो. एकाच बॅटरीवर हीटर प्लग, सेल्फ आणि गणू अशा तिघांचा हक्क. गणूचा नंबर पहिला होता, त्याने उरलंसुरलं संपवलं आणि तोही उठला नाही.

यंत्रशास्त्रात मराठी माणसाचा शेवटचा अध्याय म्हणजे धक्का. स्कूटर असो, एसटी असो, सहकारी संस्था असो, सेल्फ उचलत नसेल तर चार माणसं मागून लावायची. मेव्हण्याने हातमोजे सावरले. गल्लीतून अंगात जाड चोगे घातलेली पाचसहा माणसं न बोलावता आली आणि त्यांनी डिकीला हात लावले. आपुलकी उत्तर-दक्षिण सारखीच असते. "एक, दोन, तीन!" गाडी जागची हलली नाही. कशी हलणार? गणूने पहिला गिअर धरून ठेवलेला. साध्या गाडीत मी क्लच दाबला असता, नाहीतर दांड्याने न्यूट्रल केलं असतं. इथे क्लच गणूच्या ताब्यात, दांडा म्हणजे नुसता गणूला पाठवायचा निरोप, आणि गणूला शुद्धीवर यायला वीज हवी. वीज द्यायची तर इंजिन चालू हवं, इंजिन चालू करायला गणू हवा. एवढं नीट बांधलेलं चक्र मी फक्त सरकारी दाखल्यांच्या बाबतीत पाहिलं आहे.

"न्यूट्रल करो ना जी," मागून एकजण म्हणाला.

"होत नाही. गाडी ऑटोमॅटिक आहे."

त्याने अंकलजींकडे पाहिलं. अंकलजींनी त्याला खांद्यानेच 'सोड' म्हणून सांगितलं.

शेवटी झाकणं, सेन्सर वगैरे बाजूला करून आमचीही बॅटरी निघाली आणि तंदूरजवळ गेली. तिकडे तंदूर म्हणजे रोट्यांची भट्टी नव्हे. खोलीच्या मधोमध असलेल्या, धुरांड्याच्या लोखंडी शेगडीला तंदूर म्हणतात आणि हिवाळाभर अख्खं घर तिच्याभोवती राहतं. तंदूराजवळची जागा मानाची. त्या सकाळी ती बॅटरीला मिळाली आणि आम्ही मागे सरकलो. कुणी आत आलं की पहिला प्रश्न "अब कैसी है?" हाच. सासूबाईंनी मध्ये एकदा तिच्यावर मफलर घातला. कुणी हसलं नाही.

चहा झाल्यावर बॅटरी परत बसवली. घूंऽऽ आला. लांबला, पण आला. ब्रेक दाबून दांडा न्यूट्रलवर नेला, डॅशबोर्डवरचा 'एन' लुकलुकला आणि मग स्थिर झाला. कॉईलचा दिवा विझला. सेल्फ मारताच इंजिन खाकरलं, पांढऱ्या धुराने गल्ली भरली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि चार-पाच मिनिटांनी इंजिन पुन्हा बंद पडलं. एकटे अंकलजी शांत होते, कारण हा दुसरा अंक त्यांना पाठ होता. पाइपात होतं तेवढं डिझेल जळलं आणि पुढचं फिल्टरमध्ये मेणाशी अडलं होतं. त्यांच्या घरातून आंटीजी किटली घेऊन आल्या. फिल्टरभोवती फडकं गुंडाळलं आणि त्यावर हळूहळू गरम पाणी सोडलं. कोपऱ्यात रॉकेलचा डबा घेऊन उभ्या असलेल्या एका उत्साही मुलाला अंकलजींनी हाकललं. जुन्या ट्रकवाल्यांचा हा तोडगा, डिझेलात रॉकेल मिसळायचं. पण नव्या इंजिनांचा नाजूक पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो, तो रॉकेलाने झिजतो. नंतर गाडी सुरू झाली ती झालीच.

उभ्या उभ्या डिझेल इंजिन तापत नाही, म्हणून लगेच निघालो. अंकलजींना किब्बरला काम होतं, ते पुढे बसले. हीटर पूर्ण सोडला तर तोंडावर बर्फाळ वारा येऊ लागला. डिझेल इंजिन उष्णता वाया घालवत नाही असं कंपन्या अभिमानाने सांगतात. ती वाया गेली असती तर पायांना लागली असती. चढावर सावलीच्या वळणांना पाला पडलेला होता, म्हणजे डांबरासारखाच दिसणारा, पण चाकाखाली काचेसारखा बर्फ. अशा जागी पहिल्या गिअरची ओढ जास्त होते आणि चाक जागीच फिरतं. दांडा मॅन्युअलवर टाकून गणूला दुसऱ्यातच उठायला सांगितलं. त्याने ऐकलं. बिनडोक म्हणतात, पण सांगितलेलं ऐकतो.

अंकलजी बराच वेळ माझ्या रिकाम्या डाव्या पायाकडे बघत होते. मग हिंदीत त्यांनी जे विचारलं त्याचा सारांश असा. यात ऑटोमॅटिक काय आहे? दगड मी लावला. बॅटरी तुमच्या मेव्हण्याने उचलली. पाणी आमच्या बायकोने तापवलं. धक्का अर्ध्या गल्लीने दिला. आणि हे सगळं आपोआप व्हावं म्हणून तुम्ही वर पैसे किती मोजले?

मी सांगितले. पन्नासेक हजार.

"पन्नास हजार!" त्यांनी मागे वळून सगळ्यांकडे बघितलं. "एवढ्यात आमच्याकडे जिताजागता ड्रायव्हर हिवाळा काढतो. थंडी वाजली तर चहा मागतो, गिअर धरून झोपत नाही."

याला काहीतरी सडेतोड उत्तर द्यावं म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात चढ संपला, दांडा परत ऑटोवर घेतला, गणूने थांबून विचार केला, दुसऱ्याचा तिसरा टाकला, आणि मेव्हणा, बायको, सासूबाई अशा सगळ्यांनी एकमताने मान डोलावली. झटक्याबरोबर मीसुद्धा.