प्रास्ताविकाशिवायचा पियानो

नगरमध्ये गाणं सुरू होण्याआधी मी बोलतो. ही बढाई नव्हे, निमंत्रणपत्रिकेतच तसं छापलेलं असतं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार, माझं प्रास्ताविक आणि मग, वेळ उरल्यास, कलाकार. माझ्या प्रास्ताविकात सामवेद येतो, अब्दुल करीम खाँसाहेब येतात, एक शेर येतो (दरवर्षी तोच). तबलजी हातोडी घेऊन तिसऱ्यांदा तबला जुळवायला लागला की मी ‘आता रसिक आणि कलाकार यांच्यामध्ये मी फार वेळ उभा राहणार नाही’ असं म्हणतो. त्यानंतर साधारण दहा मिनिटं.

असा माणूस लेकीकडे लंडनला गेला आणि तिने त्याला भर दुपारी सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्समध्ये नेऊन बसवला. ट्रॅफल्गार चौकातलं हे चर्च जेम्स गिब्ज नावाच्या वास्तुकाराने 1720च्या दशकात बांधलं. तिथे त्या दिवशी दुपारी एक वाजता मोफत वाद्यवादन होतं. तिकीट नव्हतं, जाताना मनाला येईल ते टाकायचं. “बाबा, तुम्हाला गाण्याची आवड आहे ना?” एवढंच ती म्हणाली. आवड! मुलीलाही बापाचा हुद्दा माहीत नसावा.

एक वाजला. म्हणजे घड्याळात एक वाजला आणि चर्चमध्येही एकच वाजला. बाजूच्या दारातून एक मुलगी आली, वाकली, पियानोसमोर बसली आणि वाजवू लागली. मी अजून मागे वळून अध्यक्ष शोधत होतो.

पहिली काही मिनिटं मला संगीत ऐकूच आलं नाही. मी मनातल्या मनात तिचं प्रास्ताविक करत होतो. शोपँ मूळचा पोलंडचा, आयुष्य पॅरिसमध्ये गेलं, मायभूमीसाठी झुरला (इथे आवाज खाली), देह तिकडे पुरला पण हृदय वॉर्सात नेलं, आणि मंडळी, ही अलंकारिक भाषा नव्हे, खरोखर नेलं (इथे टाळ्या). एवढं सगळं जमवून आणल्यावर हातातला कागद पाहिला, तर ती बाख वाजवत होती.

दाद देण्याचीही सोय नाही. आपल्याकडे समेवर मान हलवता येते. सम कळत नसेल तर शेजाऱ्याची मान पाहून हलवावी. अर्ध्या सेकंदाचा उशीर हा व्यासंग समजला जातो. इथे सगळे पुतळ्यासारखे. ओठांवर आलेली ‘वाहवा’ मी लेकीच्या एका नजरेसरशी गिळली. मग ती वादक उठली, पुन्हा वाकली, टाळ्या घेतल्या आणि गेली. आभार नाहीत. मंडपवाल्याचे नाहीत, ‘ज्यांनी ज्यांनी प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष’ यांचेही नाहीत. लोक उठून कचेरीत गेले. कुणाला काही उणीव भासल्याचं दिसलं नाही. मला भासली. माझी.

त्याच चौकात नॅशनल गॅलरी आहे. 1939 साली युद्ध सुरू झालं, लंडनची सभागृहं बंद पडली, गॅलरीतली चित्रं सुरक्षित ठिकाणी हलवली. त्या रिकाम्या भिंतींमध्ये मायरा हेस या पियानोवादक बाईंनी दुपारी एकचे कार्यक्रम सुरू केले. तिकीट एक शिलिंग. लोक सँडविच खाऊन बसत. बॉम्ब पडू लागले तेव्हा बाईंनी मैफल तळघरात नेली, थांबवली नाही. 1946 पर्यंत जवळजवळ 1700 कार्यक्रम झाले. आमच्याकडे मुख्य पाहुण्यांची गाडी सुप्याजवळ अडकली तर गाणं दीड तास थांबतं.

परत आल्यावर मी आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे प्रस्ताव ठेवला: विनामूल्य पियानोवादन, दुपारी एक वाजता, शहरातल्या जुन्या चर्चमध्ये. ह्यूम मेमोरियल चर्च माझ्या मनात होतं, पण चर्चवाल्यांना विचारण्याआधी आपल्यांना विचारावं म्हटलं.

“जेवण आपल्याकडे का?” हा पहिला प्रश्न.

“जेवण नाही. ज्याचं त्याने.”

“मग एक वाजता का?”

“पाहुणे कोण, सर?” खजिनदार म्हणाले.

“पाहुणे नाहीत.”

“मग हार कुणाला घालायचा?”

शेवटी एका अण्णांनी मुद्द्याचं विचारलं. “पियानो आणायचा कुठून? त्यापेक्षा पेटी ठेवू.”

आता पेटीचा विषय निघालाच आहे तर थांबणं माझ्या हातात नाही. 1842 साली पॅरिसमध्ये अलेक्झांडर डबँ याने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. त्याच 1842 साली आमच्या नगरमध्ये अमेरिकन मिशनऱ्यांनी ‘ज्ञानोदय’ नियतकालिक सुरू केलं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण प्रास्ताविकात मी तो जोडतो. पुढे हे वाद्य मिशनऱ्यांबरोबर इकडे आलं. कलकत्त्यात द्वारकानाथ घोषांनी पायाचा भाता काढून हाताचा बसवला, आणि वाद्याने खुर्ची सोडून सतरंजीवर मांडी घातली. तिथून ते सुटलं ते सुटलंच. नाटकात गेलं, तमाशात गेलं, कीर्तनात गेलं, एसटीच्या टपावर बसून पंढरपूरला गेलं. पियानोचं तसं नाही. लोखंडी चौकट, दोनशेच्या वर तारा, पावसाळा आला की रुसणार; तो आला तसा साहेबाच्या दिवाणखान्यात उभा राहिला आणि साहेब गेल्यावर त्याच्यावर फोटो ठेवतात.

तरी दोघांचा वंश एकच, पट्ट्यांचा. आमचे गवई ‘काळी चार’ आणि ‘पांढरी दोन’मध्ये गातात. गळ्याला पट्ट्यांचे रंग! दोषही दोघांचा तोच, मींड नाही. स्वर दाबला की दाबला, पुढच्यावर घसरत जाता येत नाही. याच गुन्ह्यासाठी रेडिओने 1940 साली पेटीला हाकललं, तीस वर्षं आत घेतलं नाही. देवळांनी मात्र ठेवली, चर्चनेही ठेवली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणि भजनात आणली, ती इथेच, नगर-राहुरीच्या परिसरात. इंग्रजी चालीवर मराठी शब्दांची ओढाताण करण्यापेक्षा आपल्या चालीत गावं, हे त्यांना उमगलं. म्हणजे चर्चमधलं विनामूल्य संगीत नगरला नवं नाहीच. मला नवं होतं, कारण तिथे प्रास्ताविकाला कुणी बोलावलं नव्हतं.

त्या युद्धाच्या काळातलीच आणखी एक गोष्ट आहे, ती गमतीची नाही. लंडनमध्ये हेसबाई बॉम्बखाली वाजवत होत्या, दिल्लीत रेडिओ पेटीला बंदी घालून बसला होता, तेव्हा आमच्या भुईकोट किल्ल्यात मौलाना आझाद कैदेत होते. एप्रिल 1943 मध्ये त्यांची पत्नी कलकत्त्याला वारली. त्यांना जाता आलं नाही. सुटकेसाठी सरकारकडे शब्द टाकणं त्यांनी पत्करलं नाही. ते एका मित्राला पत्रं लिहीत, आणि ती पाठवायची सोय नसल्याने जवळच ठेवत. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी एक लांबलचक पत्र लिहिलं ते संगीतावर. तरुणपणी सतार कसे शिकले, चांदण्यात ताजमहालापाशी बसून ती कशी वाजवली. ‘गुबार-ए-खातिर’ या त्यांच्या पत्रसंग्रहात ते आहे.

किल्ला पाहायला येणाऱ्याला आम्ही नेहरूंची खोली आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ सांगतो. सतारीचं कुणी सांगत नाही. संगीतावर या गावात लिहिलेलं सर्वांत चांगलं काही असेल तर ते हे, असं माझं मत आहे. आणि लिहिणाऱ्यासमोर ना मैफल होती ना श्रोता. माझ्या इतक्या प्रास्ताविकांत सामवेदापासून सगळं आलं, हे एकदाही आलं नाही. याचा मला राग येतो. कुणाचा, ते विचारू नका.

असो. प्रस्ताव दोन मतांनी मंजूर झाला. माझं एक, आणि अण्णा झोपेत हात वर करून बसले होते ते एक. बाकीचे ‘बघू’ म्हणाले, म्हणजे विरोध नाही. प्रास्ताविक नसेल, हे मी लेखी दिलं आहे. पत्रिकेत ‘संकल्पना’ म्हणून बारीक अक्षरात नाव घालायला मात्र माझी हरकत नाही.

तेव्हा नगर जिल्ह्यात कुणाच्या घरी चालू स्थितीतला पियानो असेल, आणि त्यावरचे फोटो एका दुपारपुरते उतरवायची तयारी असेल, तर कृपया कळवावं. टेम्पो आम्ही पाठवू, जुळवणारा माणूस पुण्या-मुंबईहून आणू. डबा ज्याने त्याने आणावा.