पॉपकॉर्न आणि परस्परावलंबन

अमेरिकेत कॉलेजचं वसतिगृह सांभाळायचं तर नुसत्या पदवीवर भागेलच असं नाही. पुष्कळ ठिकाणी मास्टर्स मागतात. योग्यच आहे. आमच्याकडच्या रेक्टरांपाशी किल्ल्यांचा जुडगा आणि एक दमदार खोकला, एवढीच पात्रता असे. पोरं वाढली, पण अशास्त्रीय पद्धतीने.

तिकडे शिक्षणतज्ज्ञ आर्थर चिकरिंग यांनी १९६९ सालीच विद्यार्थ्याच्या घडणीच्या ७ दिशा आखून दिल्या, आणि मास्टर्सला त्या शिकवतात. आता रात्री २ वाजता कुणी मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न जाळले, फायर अलार्म बोंबलला आणि अख्खी इमारत चपला शोधत बर्फात उभी राहिली, तर साधा पदवीधर धावत जाऊन खिडकी उघडेल. मास्टर्सवाला आधी ओळखतो की मुलगा तिसऱ्या दिशेत, म्हणजे स्वायत्ततेकडून परस्परावलंबनाकडे निघाला आहे. खिडकी मग उघडतो.

वरच्या खुर्चीसाठी पुष्कळदा डॉक्टरेट लागते. आमची नम्र सूचना, इथेच थांबू नये. किल्ली हरवलेल्याला दार उघडून देण्यासाठी किमान २ शोधनिबंध असावेत, आणि घरच्या आठवणीने रडणाऱ्याला रुमाल देण्यापूर्वी संशोधन समितीची लेखी मंजुरी.

खानावळीत ताटं वाढणाऱ्या मावशींनीही अर्ज केला होता म्हणे. कोणता मुलगा ३ दिवस जेवायला आला नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. अर्ज छाननीतच बाद झाला. अनुभव आहे, पण सिद्धांत नाही.